कमल, टाकीवर तू चढली होतीस

कमल,

तुझ्या शोकसभेचं पत्रक मी फ्रीजवर चिकटवून ठेवलं आहे. त्यात तुझ्याबद्दल सहा ओळी आहेत. पाचवी ओळ अशी: 'प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी स्वेच्छेने विभागाचा निरोप घेतला.' त्या ओळीखाली मी लाल पेनानं दोनदा रेघ मारली. दुसऱ्यांदा कागद फाटला.

तुझी प्रकृती! पन्नाशीत मोपेड दामटत पंचवटीतून कॉलेजात येणारी, दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या विभागाचा जिना बोलत बोलत चढणारी तू. माझ्या वाट्याला दम लागणं असायचं आणि तुझ्या वाट्याला वाक्य पूर्ण करणं. त्या पाचव्या ओळीत खरा म्हणता येईल असा एकच शब्द आहे, तो म्हणजे 'त्यांनी'.

हे मी रेवा आणि ईशानला पाठवणार आहे. माझी नातवंडं दूर देशी वाढली, पण त्यांचं मराठी मी दर रविवारी फोनवरून घासूनपुसून ठेवते. त्यांना तू 'मोपेडवाली आजी' म्हणून आठवतेस, कारण दोघांना पुढे-मागे बसवून तू गंगेवर, गोदेच्या घाटावर, फिरवून आणलं होतंस आणि मी दारात घड्याळ बघत उभी होते. तू गेल्याचं सांगितलं तेव्हा रेवानं विचारलं, "आजी, तू रडतेयस की रागावलीयस?" मी म्हटलं, रागावले आहे. कोणावर, ते तिला हे वाचून कळेल. तुला तर माहीतच आहे.

आपली पहिली भेट आठवते? नव्वदीची सुरुवात होती. विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम आपल्या कॉलेजात नवाच आला होता. तू बातमीदारी शिकवायचीस. मला भाषांतर आणि इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. कॉन्व्हेंटमधून आलेली मी पहिल्याच दिवशी रंगीत खुणा लावलेली फाईल घेऊन हजर झाले. तू त्या फायलीवर चहाचा कप ठेवलास.

"ताई, फाईल फार सुंदर आहे. आत काय आहे?"

"वेळापत्रक."

"मग हरकत नाही. डाग पडला तरी चालेल."

मी तो डाग ओल्या रुमालानं पुसत बसले आणि तू हसत बसलीस. देवळ्याच्या कांदा पिकवणाऱ्या घरातली तू. वर्गात अगदी शुद्ध बोलायचीस, आणि राग आला की तुझी घरची अहिराणी बाहेर यायची. "हाई खोटं शे!" एवढं ऐकू आलं की मुलं आपापल्या वह्या चाळायला लागत.

तुझी एक पद्धत होती. ती मी दुसऱ्या कुठल्याही विभागात पाहिली नाही. आपली मुलं सरावासाठी चार पानी अंक काढायची. अंक छापून आला की ज्याच्यावर बातमी लिहिली त्याच्या हातात तो नेऊन द्यायचा, आणि त्याचं वाचून होईपर्यंत समोर उभं राहायचं. बसायचं नाही, निघून जायचं नाही, मधे स्पष्टीकरण द्यायचं नाही. मुलं त्याला 'उभं राहणं' म्हणायची आणि परीक्षेपेक्षा जास्त घाबरायची.

प्रवीणचं उभं राहणं मी स्वतः पाहिलं. झेंडूचे भाव पडले होते तेव्हा त्यानं पंचवटीच्या बाजारात फुलं विकायला बसणाऱ्या एका मळेवाल्या बाईंवर लिहिलं होतं. अंक घेऊन तो गेला, मागे तू, तुझ्या मागे मी. त्या बाईंना वाचता येत नव्हतं.

"मग वाच की तू. मोठ्यानं वाच," त्या म्हणाल्या. आजूबाजूच्या टोपल्यांवरच्या बायका सरकून जवळ आल्या.

प्रवीण वाचू लागला. 'डोळ्यांत पाणी आणून त्या सांगत होत्या' इथपर्यंत आला आणि बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्याच.

"कोन रडलं? मी? आरं, रडंल माझा दुश्मन! तुला चहा पाजला मी, आन् तू मला रडवली व्हय पेपरात?"

शेजारची म्हणाली, "तिचा नवरा गेला तवा नाय रडली ती, झेंडूला काय रडती!"

सगळा बाजार हसत होता. प्रवीणचे कान लाल झाले होते. तो तुझ्याकडे बघत होता, आणि तू कोथिंबिरीच्या जुड्या निरखत होतीस. पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकट आली: 'झेंडू विकणाऱ्या बाई रडल्या नव्हत्या. ते आमच्या बातमीदाराने मनाने घातले.' ती चौकट तू प्रवीणकडूनच लिहून घेतलीस.

परत येताना मी म्हटलं होतं, "छापण्याआधीच वाचून दाखवलं असतं तर हे झालं नसतं."

"आधी दाखवलं की माणूस हात धरतो, ताई. हे काढ, ते घाल. साधा माणूस विनवतो आणि मोठा माणूस धमकावतो. छापून झाल्यावर दाखवलं की चूक आपली उघडी पडते. पडू दे."

"म्हणजे त्या बाईंची बदनामी झाली तरी चालेल?"

"म्हणून तर पोराला समोर उभं करते. एकदा उभा राहिला की पुढच्या वेळी मनाचं घालताना हात अडेल."

हा वाद आपण पुढे कितीतरी वर्षं घातला. जिन्यात, रिक्षात, तुझ्या ओट्याशी कांदा चिरताना. कमल, मी अजूनही तुझ्याशी सहमत नाही. आधीच दाखवावं. तू गेलीस म्हणून मी हा मुद्दा सोडून देणार नाही. मेलेल्या माणसाचं सगळं बरोबर होतं असं म्हणणं मला अपमानासारखं वाटतं, आणि तुला तर ते मुळीच चाललं नसतं.

पण याच मुद्द्याचा मी पुढे जो वापर केला, तो वाद नव्हता. तो काय होता ते आता लिहिते.

वैशाली तुझ्या वर्गात होती. नांदगावची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, बारीक आवाजाची. त्या वर्षी वसतिगृहातल्या मुलींना एकीपाठोपाठ एक कावीळ झाली. वैशालीनं बातमी आणली की गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलेलं आहे, कित्येक महिन्यांत टाकी धुतलेली नाही आणि पाण्याला वास येतो. तू तिला एवढंच विचारलंस, "स्वतः बघितलंस?" ती म्हणाली, शिडीची भीती वाटते. तेव्हा तू स्वतः गेलीस. पदर खोचून त्या लोखंडी शिडीवरून चढलीस आणि आत वाकून बघितलंस. आत कबुतर मरून पडलेलं होतं.

खाली येऊन तू मला म्हणालीस, "नांदगावची पोरगी आहे ताई. हंडाभर पाण्यासाठी रांगेत वाढलेली. पाण्याबद्दल ती खोटं बोलणार नाही, हे मला माहीत होतं. पण माहीत असून भागत नाही म्हणून चढले."

बातमी छापली गेली. वैशाली अंक घेऊन वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंसमोर उभी राहिली, आणि ज्यानं लिहिलं त्यानं एकट्यानंच उभं राहायचं हा नियम एकदाच मोडून तू तिच्या शेजारी उभी राहिलीस. बाईंनी दोन ओळी वाचल्या आणि अंक फाडला. तू पिशवीतून दुसरा काढलास. "हा घ्या. पूर्ण वाचून होईपर्यंत आम्ही इथंच आहोत." हे मला वैशालीनं नंतर सांगितलं. मी तिथे नव्हते. त्या प्रकरणात जिथे असायला हवं होतं तिथे मी कुठेच नव्हते.

तीन दिवसांनी चौकशी समिती नेमली गेली. तिघांची. कागदपत्रं नीट ठेवणारी म्हणून अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही वसतिगृहात गेलो, अधीक्षक बाईंनी पोहे दिले. गच्चीच्या दाराशी शिडीकडे बघून समितीतले एक सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही काय आता चढणार?" सगळे हसले. मीही हसले. "टाकी स्वच्छ आहे हो," बाई म्हणाल्या, आणि आम्ही खाली उतरलो.

घरी येऊन मी इंग्रजीत चार पानी अहवाल लिहिला. टाकीची पाहणी केली, ती स्वच्छ आढळली. संबंधितांना मजकूर छापण्यापूर्वी दाखवला नाही. पुरेशी खातरजमा न करता बातमी प्रसिद्ध केली. समास सरळ, परिच्छेदांना क्रमांक, खाली सही. आपला इतक्या वर्षांचा प्रेमाचा वाद मी उचलला आणि तुझ्याविरुद्धचा दुसरा मुद्दा केला.

तोवर ती टाकी धुतलीही गेली असेल. मला माहीत नाही. माहीत नाही, हेच लिहायला हवं होतं.

तुला लेखी माफी मागायला सांगितलं. तू नाही म्हणालीस. अंक बंद झाला, आणि तू राजीनामा टेबलावर ठेवून जिना उतरलीस. मी दारात उभी होते. तू माझ्या हातातल्या अहवालाकडे बघितलंस.

"इंग्रजीत लिहिलं म्हणून जमलं तुम्हाला. मराठीत लिहा, मग बघू हात चालतो का, मॅडम."

मॅडम. त्या दिवसापर्यंत मी ताई होते. त्यानंतरही आपण भेटत राहिलो, हे कोणाला सांगून खरं वाटणार नाही. दर गुरुवारी मी तुझ्या पंचवटीतल्या घरी यायचे. वैशालीची वसतिगृहातली खोली गेली होती, ती तुझ्याकडेच राहून शिकली. तू घरीच मुलामुलींना शिकवत होतीस. सकाळी त्यांना बाजारात पिटाळायचीस आणि दुपारी त्यांचं लिहिलेलं फाडून परत लिहायला लावायचीस. मला चहा द्यायचीस, देवळ्याहून उन्हाळ कांदा आला की माझी पिशवी भरायचीस, माझ्या नातवंडांना मोपेडवर फिरवायचीस. सगळं द्यायचीस. फक्त ताई म्हणायची नाहीस.

एकदाच तू विचारलंस. भाजी निवडत होतीस, मान वर केली नाहीस.

"मॅडम, तुम्ही चढला होता का वर?"

मी म्हटलं, "ही मेथी फार कोवळी आहे ग. कुठून आणलीस?"

"बाजारातून," तू म्हणालीस, आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस.

ते उत्तर देण्याची संधी मला त्यानंतर शेकडो गुरुवार होती. मी ते दिलं नाही. मग एका मंगळवारी सकाळी वैशालीचा फोन आला, आणि गुरुवारच संपले.

प्रवीण आता विभागप्रमुख आहे. त्यानं फोन केला. "मॅडम, विशेषांक काढतोय. कमलबाईंवर तुम्हीच लिहायला हवं. पाचशे शब्द. आठवणी, विनोदी किस्से, तुमच्या स्टाइलनं."

"वसतिगृहाचं लिहिणार आहे मी."

तो म्हणाला, "ते नको ना मॅडम. आता सगळेच रिटायर झालेत. अधीक्षक बाई आजारी असतात. उकरून काय मिळणार?"

"प्रवीण, झेंडूवाल्या बाई रडल्या होत्या का?"

"मॅडम, ते वेगळं."

"काय वेगळं ते लिहून पाठव. पाचशे शब्द."

मी लेख दिला. त्यातले चार परिच्छेद गाळून प्रवीणनं तो मला परत पाठवला, सोबत गुलाबी रंगाची विनंतीची चिठ्ठी. उरलेल्या लेखात तू मोपेड चालवत होतीस, कांदे वाटत होतीस आणि सगळ्यांना खूप खूप आवडत होतीस. अशी कोणी बाई मला भेटल्याचं आठवत नाही. लेख मी मागे घेतला.

शोकसभेला गेले. तिसऱ्या रांगेत बसले. व्यासपीठावर तुझा फोटो होता, त्यात तुझे केस व्यवस्थित विंचरलेले होते, त्यामुळे तू ओळखू येत नव्हतीस. प्रवीण बोलायला उभा राहिला आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव' पाशी आला. कमल, मी आयुष्यात कधी कोणाचं बोलणं मधे तोडलं नाही. तू मला त्यावरून किती चिडवायचीस. त्या दिवशी मी खुर्चीचा हात धरून उठले आणि म्हटलं, "हे खोटं आहे."

माइक नव्हता, पण इतकी वर्षं वर्ग घेतल्यावर माइक लागत नाही.

मी सांगितलं की तुझी प्रकृती ठणठणीत होती. तुला घालवलं गेलं, आणि ज्या अहवालावरून घालवलं तो मी लिहिला होता. त्यात टाकी पाहिल्याचं लिहिलं आहे. मी टाकी पाहिली नव्हती. समितीतल्या कोणीच पाहिली नव्हती. आम्ही पोहे खाल्ले होते.

पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अहो मॅडम, ही वेळ आहे का?"

"वेळ तेव्हाच होती," मी म्हटलं. "ती मी घालवली. आता आहे ती ही."

मागच्या बाजूला वैशाली उभी राहिली. ती आता मोठी बातमीदार आहे. आवाज मात्र तसाच बारीक. मला वाटलं, ती माझ्या बाजूनं काही बोलेल. तिनं विचारलं, "मॅडम, मग तेव्हा का नाही बोललात?"

मला दोन-तीन उत्तरं सुचली, सगळी नीटनेटकी. वैशाली हात बांधून उभी होती, माझं उत्तर पूर्ण होईपर्यंत बसणार नव्हती. ते तूच शिकवलंस.

"विभागप्रमुखपद माझ्याकडे येणार होतं," मी म्हटलं. "मला ते हवं होतं. मिळालं. चार वर्षं त्या खुर्चीत बसले मी."

ती म्हणाली, "ठीक आहे," आणि बसली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला ती तुझी विद्यार्थिनी वाटली नसती.

रेवा, ईशान, तुम्ही आता विचाराल, आजी, मग आता बरं वाटतं का? नाही. हलकं वगैरे काही वाटत नाही. मोपेडवाल्या आजीला मी हे तिच्या हयातीत सांगितलं नाही, ते आता सांगून भरून येत नाही. पण तिच्या नावापुढे खोटी ओळ मी राहू देणार नाही. तुमची आजी कागदावर विश्वास ठेवणारी बाई आहे. कागदानं केलेलं कागदानंच दुरुस्त करायला हवं, एवढं तिला समजतं.

म्हणून काल मी कॉलेजच्या कार्यालयात गेले, कमल. अहवाल लिहिणारी म्हणून माझा अहवाल मी मागे घेत आहे, असा अर्ज मराठीत लिहून नेला. तू म्हणाली होतीस ते खरं होतं. पहिल्या ओळीलाच हात अडला. पाच वेळा लिहिला.

आवक खिडकीवरच्या गृहस्थांनी तो उलटसुलट वाचला.

"हा अहवाल किती जुना आहे मॅडम?"

"तुम्ही नोकरीला लागण्याआधीचा."

"असा अर्ज घ्यायची पद्धत नाही आमच्याकडे. अहवाल मागे घेताय म्हणजे काय? कोणी घेतलेला नाही आजवर."

"मग मी पहिली. शिक्का मारा."

"साहेबांना विचारावं लागेल. साहेब दुपारी येतील."

"बसते. मला घाई नाही आणि माझी प्रकृती उत्तम आहे."

बसले. पिशवीतून पाण्याची बाटली काढली. दुपारी साहेब आले, अर्ज वाचला, मला आत बोलावलं, चहा विचारला, समजावलं, पुन्हा समजावलं. प्रवीण येऊन दारातून बघून गेला. मी दर वेळी एवढंच म्हटलं, की नाकारायचा असेल तर नाकारा, पण आधी आवक करून घ्या, आणि नाकारला असं लेखी द्या. लेखी द्यायला कोणी तयार नव्हतं. चारच्या सुमारास त्या गृहस्थांनी सुस्कारा सोडून रजिस्टर पुढे ओढलं.

"विषय काय लिहू?"

"वसतिगृहाची पाण्याची टाकी समितीने पाहिली नव्हती, याबाबत."

त्यांनी शब्द न् शब्द लिहिला. अक्षर सुंदर होतं.

"संदर्भ?"

"कमल आहेर."

"पत्राचा क्रमांक लागतो मॅडम संदर्भाला. नुसतं नाव चालत नाही."

"क्रमांक नाही. त्या स्वतः वर चढून आत बघून आल्या होत्या. तेवढाच संदर्भ आहे."

त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मग रकान्यात तुझं नाव लिहिलं, आणि पुढे, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात, 'स्वतः पाहिले' असं लिहून शिक्का मारला.